पडद्यावरचे मुके, घरातले बहिरे

संध्याकाळी सातच्या सुमारास कोल्हापूरच्या आसपासच्या कुठल्याही गावात गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. म्हशींच्या धारा झालेल्या असतात, डेअरीला दूध घालून माणसे परतलेली असतात, चुलीवर नाहीतर गॅसवर भाकरी पडत असते आणि सोप्यातल्या दूरचित्रवाणी संचासमोर घर गोळा झालेले असते. हुपरीच्या रस्त्यावरचे आमचे गडमुडशिंगीही याला अपवाद नाही. गावावरून विमाने जाऊ लागली, शिवारात प्लॉट पडले, पण मालिकेच्या वेळी घराने एकत्र बसायचे ही चाल काही मोडली नाही.

आमच्या घरी या मेळ्यात एक प्रेक्षक अशी होती की जिला मालिकेतला एक शब्दही ऐकू येत नसे. ती आमची थोरली आत्या. जन्मापासून बहिरी, म्हणून बोलणेही नाही. तिला एक सुरेख नाव होते, पण ते रेशनकार्डावर आणि मतदारयादीत. गावात आणि घरातही ती ‘मुकी’ होती. तिचे लग्न झाले नाही. तिने शेण काढले, वैरण आणली, आम्हा भावंडांना अंगाखांद्यावर वाढवले आणि संध्याकाळी आमच्याबरोबर ती त्या पेटीसमोर बसत राहिली. कोणी पाहुण्याने विचारले की, हिला यातले काय समजते, तर आमची आई म्हणायची, “तिला काय कळतंय? बसू दे की, तेवढाच विरंगुळा.”

२०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका चालली. तिचे चित्रीकरण आमच्या जवळच्या वसगडे गावातल्या एका वाड्यात होत असे, त्यामुळे आमच्या भागाला तिचे अप्रूप जास्त. सुटीच्या दिवशी लांबलांबून माणसे तो वाडा बघायला येत. आत्याही एकदा आमच्याबरोबर आली. मालिकेतला नायक भोळा, कष्टाळू पैलवान गडी. एके दिवशी मी सहज खुणेने आत्याला विचारले की, या गोष्टीत काय चालले आहे? तिने हातवारे करून जी कथा सांगितली ती ऐकून, म्हणजे पाहून, आम्ही पोट धरून हसलो. तिच्या समजुतीने तो पैलवान बहिरा होता. घरची माणसे भोवती बोलतात, भांडतात, डाव रचतात आणि हा मान खाली घालून उभा राहतो. बोलतो कमी, राबतो जास्त. आणि तरीही एका शिकलेल्या मुलीने त्याच्याशी लग्न केले! आत्याला त्या मालिकेतले हेच सर्वांत जास्त आवडले होते.

त्या दिवशी आम्ही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. इतकी वर्षे त्या पेटीसमोर बसून ती आपल्यासारखे एक माणूस शोधत होती, आणि सापडत नाही म्हटल्यावर तिने ते स्वतःच निर्माण केले होते. दूरचित्रवाणीवरच्या कौटुंबिक मालिका कर्णबधिर माणसांना कसे दाखवतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ समीक्षकांचा नाही. तो घराघरांतल्या सोप्याचा प्रश्न आहे.

मूकपटाचे दिवस

कोल्हापूरकरांनी या विषयावर बोलावे याला आणखीही एक कारण आहे. हे गाव मूकपटाचे गाव आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. त्या काळी पडद्यावरची माणसे बोलत नव्हती. ती चेहऱ्याने, हातांनी, डोळ्यांनी गोष्ट सांगत, आणि अधूनमधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. विचार केला तर ध्यानात येते की, त्या थिएटरात बसलेला बहिरा माणूस शेजारच्या ऐकणाऱ्या माणसापेक्षा कशातही उणा नव्हता. दोघांनाही सारखेच दिसत होते आणि दोघांनाही सारखेच ऐकू येत नव्हते. अक्षरओळख असेल तर पाट्या दोघेही वाचत होते.

तिकडे अमेरिकेत चार्ली चॅप्लिनचा ग्रॅनव्हिल रेडमंड नावाचा एक कर्णबधिर चित्रकार मित्र होता. चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओत चित्रे काढायला जागा दिली, त्याच्याकडून खुणांची भाषा शिकून घेतली आणि आपल्या चित्रपटांतून त्याला छोटी छोटी कामेही दिली. १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’मधला शिल्पकार म्हणजे हा रेडमंडच. न बोलता बोलायचे कसे हे जगातला सर्वांत मोठा मूकनट एका बहिऱ्या माणसाकडून शिकत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग बोलपट आला. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली इथे, कोल्हापुरातच, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. आपण त्याचा सार्थ अभिमान बाळगतो. मात्र ज्या दिवशी पडदा बोलू लागला त्याच दिवशी प्रेक्षकांतला एक मोठा वर्ग थिएटराबाहेर पडला, याची नोंद सहसा कोणी करत नाही. पुढे दूरचित्रवाणी घरात आली तेव्हा तर तो घरातल्या घरात बाहेर पडला.

कीव आणि टिंगल

बोलपटाने बहिऱ्या माणसाला प्रेक्षकांतून घालवले, पण पडद्यावर अधूनमधून आणलेही. ते प्रामुख्याने दोन साच्यांतून. एक साचा कीव करण्याचा आणि दुसरा टिंगलीचा.

टिंगलीचा साचा जुना आहे. आपल्या तमाशातल्या बतावणीपासून हिंदी विनोदी चित्रपटांपर्यंत तो सर्वत्र आढळतो. विचारले एक, ऐकले भलतेच आणि उत्तर दिले तिसरेच, की हशा ठरलेला. २००६ साली तर ‘टॉम, डिक अँड हॅरी’ नावाचा एक आख्खा चित्रपट एक आंधळा, एक बहिरा आणि एक मुका या तिघांच्या जिवावर काढला गेला. कानाने अधू झालेल्या म्हाताऱ्यांवरचे विनोद आपणही घरात करतो. त्यात दर वेळी दुष्टावा असतो असे नाही. पण पडद्यावर बहिरा माणूस फक्त हसण्यापुरताच येऊ लागला की मग शाळेच्या वाटेवर कर्णबधिर पोराच्या मागे हातवारे करत धावणारी टोळीही त्यातूनच तयार होते.

कीव करण्याचा साचा वरून चांगला दिसतो, म्हणून तो अधिक फसवा. यातला बहिरा माणूस देवासारखा असतो. त्याला राग नाही, लोभ नाही, वासना नाही, खोड्या नाहीत. तो सोसतो, डोळ्यांत पाणी आणून बघतो, आणि गोष्टीच्या शेवटी एक तर त्याग करतो किंवा एका शस्त्रक्रियेने त्याला अचानक ऐकू येऊ लागते. मालिकेतला डॉक्टर पट्टी सोडतो आणि पहिला शब्द कानी पडतो, ‘आई’. खऱ्या आयुष्यात असे घडत नाही. आज कानात बसवण्याची कॉक्लिअर रोपणाची शस्त्रक्रिया आहे, सरकारी योजनेतून लहान मुलांसाठी मदतही मिळते आणि पुष्कळ मुलांना तिचा उपयोग होतो. पण ती जितक्या लहान वयात होईल तितके बरे, आणि तिच्यानंतर कित्येक महिने, वर्षे आवाज ओळखायला शिकवावे लागते. यंत्र बसवले आणि मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागले असे मालिकेत पाहिलेली आई सहा महिन्यांत खचून जाते. तिचा धीर खचवण्याचे पाप कोणाचे?

या दोन साच्यांपलीकडे जाण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही, आणि ज्यांनी केले त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. गुलजारांचा ‘कोशिश’ १९७२ चा. संजीव कुमार आणि जया भादुरी यांनी त्यात संसार करणारे कर्णबधिर जोडपे उभे केले. आपल्या बाळाला तरी ऐकू येते ना, या शंकेने खुळखुळा वाजवून बघणारे ते आईबाप ज्याने पाहिले तो त्यांना विसरणे कठीण. त्यातला बाप रागावतो, थट्टा करतो आणि मुलाने बहिऱ्या मुलीशी लग्न करायला नकार दिला तेव्हा संतापतोही. तो नुसता सोशिक नाही, तो माणूस आहे. संजीव कुमारांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

१९९६ साली संजय लीला भन्साळींनी ‘खामोशी’ काढला. गोव्यातले एक घर, आईबाप कर्णबधिर आणि मुलगी ऐकणारी. नाना पाटेकर आणि सीमा विश्वास यांनी ते आईबाप रंगवले. लहानपणापासून आईबापांचा आवाज बनून जगाशी बोलणाऱ्या मुलीची ओढाताण त्यात होती. २००५ च्या ‘इक्बाल’मध्ये श्रेयस तळपदेने खेड्यातला कर्णबधिर गोलंदाज उभा केला, आणि त्याच्या बहिणीने भावाची खुणांची भाषा शिकून घेतलेली दाखवली. अनेक घरांत हे काम बहीणच करते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती बहीण फार खरी वाटली.

मालिकांच्या जगात मात्र उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०१९ साली सोनी वाहिनीवर ‘इशारों इशारों में’ ही हिंदी मालिका आली. तिचा नायक कर्णबधिर होता, एकत्र कुटुंबात वाढलेला, हसतमुख आणि प्रेमात पडणारा. रोजच्या मालिकेत असा नायक असावा ही धिटाईच होती. तीही फार काळ चालली नाही.

या सर्व कलाकृतींत एक गोष्ट समान आहे. वर सांगितलेल्या प्रत्येक भूमिकेत नट ऐकू येणारा आहे. नटाने दुसऱ्याचे आयुष्य जगून दाखवायचे असते हे मान्य. राजाचे काम करायला राजाच हवा असे कोणी म्हणत नाही. पण राजाची भूमिका मिळाली नाही म्हणून कोणी राजा उपाशी मेलेला नाही. कर्णबधिर नटाला मात्र ऐकणाऱ्या माणसाची भूमिका कोणी देत नाही आणि बहिऱ्याची भूमिकाही ऐकणाऱ्यालाच मिळते. मग त्याने जायचे कुठे?

हातांची भाषा

नट कोण, यापेक्षाही मोठी चूक भाषेची आहे. आपले पटकथाकार असे धरून चालतात की, बहिऱ्याची भाषा म्हणजे हवेतले हातवारे. थोडा सराव केला की कोणालाही जमतील. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे. तिला शब्दसंग्रह आहे, व्याकरण आहे. ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ हे प्रश्नाचे शब्द तिच्यात बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. नुसत्या भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. चेहरा हा तिच्या व्याकरणाचा भाग आहे. प्रांतोप्रांती काही शब्द वेगळे असले तरी कोल्हापूरचा शिकलेला कर्णबधिर मुलगा चेन्नईच्या मुलाशी जितक्या सहज गप्पा मारू शकतो, तितक्या सहज तुम्ही-आम्ही मारू शकत नाही.

आमच्या आत्याला ही भाषा कोणी शिकवली नव्हती, कारण ती शाळेतच गेली नाही. तिने आपल्यापुरत्या घरच्या खुणा तयार केल्या होत्या. आचळ पिळल्यासारखे केले की दूध, मिशीवर बोट फिरवले की बाप्या, नाकपुडीवर बोट टेकले की बाई. पुढे वाचनात आले की भारतीय सांकेतिक भाषेतही पुरुषाला मिशी आणि स्त्रीला नाकातली चमकी हीच खूण आहे! कोणी न शिकवता आमच्या सोप्यात बसलेली ती अडाणी बाई अर्ध्या वाटेवर पोचली होती. उरलेली अर्धी वाट आम्ही चालायची होती. आम्ही चाललो नाही.

ही भाषा जगभरच दडपली गेली. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने ठराव केला की मुलांना तोंडी बोलणेच शिकवायचे, हातांची भाषा वर्गात नको. मुंबईत १८८५ च्या सुमारास देशातली पहिली मूकबधिर शाळा सुरू झाली ती याच वाऱ्यात. पुढे शंभर वर्षे ठिकठिकाणच्या शाळांतून हात बांधून ओठ वाचायला शिकवण्यात आले. ओठ वाचणे किती अवघड असते ते घरी आरशासमोर उभे राहून पाहा. ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ हे तीन शब्द आवाज न करता उच्चारा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतील. आपल्या मालिकांतले बहिरे पात्र मात्र अंधारात, पाठमोऱ्या माणसाचे, खोलीच्या दुसऱ्या टोकाचे कारस्थानही ओठांवरून वाचते!

आता काळ थोडा पालटला आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ साली तीन हजार शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजार शब्दांवर नेला. सप्टेंबर २०२३ मध्ये एका कर्णबधिर महिला वकिलाने दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात काम पाहिले. भाषा असली की माणूस कुठवर पोचतो याचा याहून ठळक पुरावा नको.

भाषा आली की तिच्यामागून संस्कृतीही येते. बधिर संस्कृती हा शब्दप्रयोग आपल्याला नवा वाटेल, पण गोष्ट साधी आहे. जिथे कर्णबधिर माणसे एकत्र येतात तिथे त्यांच्या चालीरीती तयार होतात. हाक मारायची तर खांद्यावर थाप द्यायची, लांब असेल तर दिवा लुकलुकवायचा किंवा जमिनीवर पाय आपटायचा. टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून हलवायचे. प्रत्येकाला एक खुणेचे नाव असते, ते त्याच्या एखाद्या लकबीवरून किंवा गालावरच्या तिळावरून पडलेले. त्यांचे विनोद वेगळे, भांडणे वेगळी. मुंबईच्या लोकलमधल्या अपंगांच्या डब्यात ऑफिस सुटल्यावर कर्णबधिर प्रवाशांच्या गप्पांचा जो फड जमतो तो ज्याने पाहिला आहे त्याला ‘बिचारे’ हा शब्द सुचणार नाही. मालिकावाल्यांना एखाद्या घराण्याचे शंभर भागांचे मानापमान सुचतात. या डब्यातली एकही गोष्ट कशी सुचत नाही?

दुसरीकडे काय घडले

दूर अमेरिकेत २०११ ते २०१७ या काळात ‘स्विच्ड ॲट बर्थ’ नावाची कौटुंबिक मालिका चालली. इस्पितळात अदलाबदल झालेल्या दोन मुली, त्यांची दोन घरे, हे कथानक आपल्याला अगदी ओळखीचे. फरक असा की त्यातली एक मुलगी कर्णबधिर, तिचा मित्र कर्णबधिर, त्याची आई कर्णबधिर आणि तिची शाळाही कर्णबधिर मुलांची. आईच्या भूमिकेत मार्ली मॅटलिन होती. स्वतः कर्णबधिर असलेल्या या अभिनेत्रीने १९८६ च्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेले. मित्राचे काम करणारा तरुणही कर्णबधिर. सांकेतिक भाषेतले संवाद आवाजाविना चालत आणि खाली अक्षरे उमटत. मार्च २०१३ मधला एक भाग तर जवळजवळ संपूर्ण याच भाषेत झाला. मुले आपली शाळा वाचवायला तिचा ताबा घेतात, अशी त्याची कथा. त्या दिवशी ऐकणाऱ्या प्रेक्षकाला कान असून उपयोग नव्हता. डोळे लावून वाचावे लागले. लक्षावधी लोकांनी ते केले, कोणी रिमोट फेकून दिला नाही.

त्या मालिकेतली कर्णबधिर माणसे खोटे बोलतात, मत्सर करतात, चुकीच्या माणसावर प्रेम करतात. ऐकणाऱ्या घराला त्यांच्याशी बोलायला शिकावे लागते आणि शिकताना त्यांचे हसे होते. घर बदलते ते बहिऱ्या मुलीला ऐकू येऊ लागले म्हणून नव्हे. घरच्यांनी बघायला सुरुवात केली म्हणून. पुढे २०२२ साली ‘कोडा’ या चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्याचा विषय आपल्या ‘खामोशी’सारखाच, कर्णबधिर घरातली ऐकणारी मुलगी. पण त्यातले आईबाप आणि भाऊ हे तिन्ही नट स्वतः कर्णबधिर होते. आपण विषय पंचवीस वर्षे आधी हाताळला होता. पुढचे पाऊल टाकायचे राहून गेले.

आपल्याकडे नट कुठून आणायचे, असे कोणी म्हणेल. २०११ च्या जनगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक माणसांची श्रवणदोषाची नोंद आहे. एवढ्यांत पाच-दहा नट निघणार नाहीत? गोष्टी कुठून आणायच्या, असेही कोणी म्हणेल. हरियाणाच्या वीरेंद्र सिंग या कर्णबधिर पैलवानाने २००५, २०१३ आणि २०१७ अशा तीन डेफलिम्पिकमध्ये सुवर्णपदके जिंकली, २०२१ साली त्याला पद्मश्री मिळाली, आणि तरी बरोबरीच्या बक्षिसासाठी त्याला झगडावे लागले. ज्या कोल्हापूरच्या तांबड्या मातीने मालिकेला पैलवान नायक दिला, त्या कोल्हापुरात ही गोष्ट कोणाला समजणार नाही? माझ्या आत्याने ती पाच वर्षांपूर्वीच लिहून ठेवली होती, हातांनी.

राहिला प्रश्न धंद्याचा. प्रेक्षक किती, जाहिराती किती, हा हिशेब वाहिन्यांना करावा लागतो हे खरे. पण पडद्याखाली मराठी अक्षरे उमटवायला फार मोठा खर्च येत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात दूरचित्रवाणीचे कार्यक्रम सांकेतिक भाषेसह वा अक्षरांसह कर्णबधिरांना पाहता यावेत असे म्हटले आहे. २०१९ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याची मानकेही जाहीर केली. दूरदर्शनने तर १९८७ सालीच कर्णबधिरांसाठी साप्ताहिक बातम्या सुरू केल्या होत्या. रविवारी दुपारी त्या लागल्या की आम्ही मुले निवेदकाच्या हातांची नक्कल करून हसायचो. आत्या मात्र त्या वेळी पुढे सरकून बसायची. तिला ती भाषा येत नव्हती, पण आपल्यासारखे हात हलवणाऱ्या माणसाला सरकारने पेटीत बसवले आहे एवढे तिला दिसत होते.

जुलै २०२४ मध्ये ‘आँख मिचोली’ या चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने एक मोलाचा भेद सांगितला. अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद वेगळा. अशा पात्रांबद्दल लिहिताना त्या माणसांशी बोला, त्यांना सहभागी करून घ्या, असेही न्यायालयाने सुचवले. न्यायालय एवढेच करू शकते. उरलेले लेखकांनी, वाहिन्यांनी आणि आपण प्रेक्षकांनी करायचे आहे.

आपले काम काय?

कर्णबधिर मुलांपैकी दहातली नऊ मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, असे या क्षेत्रातले जाणकार सांगतात. म्हणजे पाळण्यातले मूल हाकेला वळत नाही हे ज्या दिवशी कळते, त्या दिवशी त्या आईने आयुष्यात एकही कर्णबधिर माणूस जवळून पाहिलेला नसतो. तिने पाहिलेली असते ती फक्त मालिका. त्या मालिकेत बहिरेपण हा शाप असेल तर ती देवदेवस्की करील. तो एका शस्त्रक्रियेत बरा होणारा रोग असेल तर ती जमीन विकील. आणि त्या मालिकेत एखादी कर्णबधिर मुलगी शाळेत जाताना, मैत्रिणींशी हातांनी भांडताना, नोकरी करताना, सासरी खटके उडवताना दिसली असेल, तर ती आई डोळे पुसून शाळेचा पत्ता विचारील. पडद्यावरच्या एका पात्रावर एका मुलीचे आयुष्य असे अडकलेले असते.

आणि मालिका बदलेपर्यंत घराने थांबावे असेही नाही. जेवायला बसल्यावर सगळे हसतात, बहिरे माणूस विचारते की काय झाले, आणि आपण हात हलवून सांगतो, ‘काही नाही, नंतर सांगतो.’ ते नंतर कधी येत नाही. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी आज रात्री एवढेच करावे. त्याच्याकडे तोंड करून बसावे आणि गोष्ट सांगावी, तोडक्यामोडक्या खुणांनी का होईना. शिकायची इच्छा असेल तर कोश आहे, वर्ग आहेत, मोबाइलवर चित्रफिती आहेत. आपल्या पोरांना इंग्रजी यावे म्हणून आपण काय काय करतो; सख्ख्या माणसाशी बोलता यावे म्हणून शंभर खुणा शिकायला काय हरकत आहे?

आमची आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारात तिला काही तरी सांगायचे होते. तिचे हात बराच वेळ हलत होते. आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो, सगळ्यांना धड कान होते, आणि तिने काय सांगितले ते एकालाही कळले नाही.